जगातला सगळ्यात उंच रोलर कोस्टर सुरुंग लावून का पाडला?

२८ फेब्रुवारी २०२५ च्या सकाळी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात 'किंग्डा का' नावाचा रोलर कोस्टर स्फोटकं लावून पाडला. उंची १३९ मीटर, वेग ताशी २०६ किलोमीटर. पाडला त्या दिवशीसुद्धा जगात त्याच्याएवढा उंच दुसरा कोस्टर सुरू झालेला नव्हता. वय जेमतेम वीस वर्षं. तो ज्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर पार्कात होता, तिथे एडिसनच्या पट्ट्यातली मराठी मंडळी उन्हाळ्यात मुलाबाळांना घेऊन जातात. त्यामुळे पाडापाडीचा व्हिडिओ आपल्याकडच्या कुटुंबांच्या ग्रुपवरही फिरला आणि 'अरे, मग बांधला कशाला होता एवढा?' हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला.

गंमत अशी की कोस्टरवर जीव टाकणाऱ्या लोकांतही या प्रश्नावर दोन तट पडले. काहींना अक्षरशः सुतक लागलं. काही म्हणाले, बरं झालं, ब्याद गेली. त्यात ३१ डिसेंबर २०२५ ला सौदी अरेबियात, रियाधजवळच्या किद्दियाला 'फाल्कन्स फ्लाइट' सुरू झाला. उंची १९५ मीटर, वेग ताशी २५० किलोमीटर, रूळ चार किलोमीटरहून लांब. वाद पुन्हा पेटला.

हा वाद समजून घ्यायचा तर एक गोष्ट आधी बाजूला ठेवावी लागते, ती म्हणजे उंची. उंची आणि वेग हे जाहिरातीचे आकडे. शौकीन भांडतात ते गाडीत बसल्यावर आपलं वजन किती आणि कसं बदललं यावरून. आणि पार्कवाल्याची झोप उडते ती तासाला किती माणसं बसवून झाली यावरून.

हे शौकीन म्हणजे कोण?

अमेरिकेत १९७८ पासून 'अमेरिकन कोस्टर एन्थुझिअ‍ॅस्ट्स' ही संस्था आहे. आपल्याकडे गडप्रेमी जसे 'किती किल्ले झाले' विचारतात, तसे हे लोक 'किती क्रेडिट झाली' विचारतात. क्रेडिट म्हणजे बसून झालेला प्रत्येक वेगळा कोस्टर. लहान मुलांच्या सुरवंटाच्या गाडीत पाय दुमडून बसलेला दाढीवाला बाप्या क्रेडिट मोजू शकतो की नाही, यावर तावातावाने चर्चा होतात. मला विचाराल तर, मोजू द्यावं बिचाऱ्याला.

पण नुसती हौस म्हणून यांना उडवून लावता येत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना गावी १९०२ सालचा 'लीप द डिप्स' आजही उभा आहे. जगातला हा सर्वांत जुना कोस्टर मोडीत निघायचा, तो अशाच लोकांच्या आग्रहामुळे आणि वर्गणीमुळे टिकला. कुठल्या कंपनीचा रूळ कसा लागतो, कुठल्या वळणावर मान अवघडते, हे त्यांना इतकं बारीक ठाऊक असतं की पार्कवालेही कान देऊन ऐकतात.

दुप्पट वेगाला चौपट उंची

नेहमीच्या कोस्टरच्या गाडीला इंजिन नसतं. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते आणि सोडून देते. पुढचा सगळा प्रवास त्या एका चढाच्या पुंजीवर. म्हणून नंतरची प्रत्येक टेकडी आधीच्यापेक्षा साधारण बुटकी ठेवावी लागते, कारण घर्षण आणि वारा वाटेत आपापला वाटा कापून घेतात.

आता या पुंजीचा हिशोब बघा. ओहायो राज्यात सीडर पॉइंट हे पार्क आहे. तिथे २००० साली आलेला 'मिलेनियम फोर्स' ९१ मीटर खाली झेपावतो. शाळेतल्या सूत्राने, वारा आणि घर्षण शून्य धरून, तळाशी वेग निघतो ताशी १५२ किलोमीटर. प्रत्यक्षातला वेग १५० च्या आसपास. म्हणजे इंजिनिअरांनी फारसं काही वाया जाऊ दिलेलं नाही.

पण याच सूत्रात पार्कवाल्यांची अडचणही आहे. वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट हवा तर उंची चौपट लागते. त्यातच वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. लोखंड वाढतं, पाया वाढतो, खर्च वाढतो, आणि बसणाऱ्याला फरक पडतो तो मात्र थोडासा. ताशी १५० आणि ताशी १८० यांतला फरक डोळे मिटून ओळखून दाखवा! सरळ रुळावर वेग शरीराला कळतच नाही. विमानात ताशी ८०० किलोमीटरने जाताना आपण चहा पितोच की. शरीराला कळतो तो बदल.

पोटात खड्डा पडतो तेव्हा

एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून गतिरोधकावरून उडालेल्या माणसाला पुढची दोन पानं समजावून सांगायची गरज नाही. बूड बाकापासून सुटतं, पोटात खड्डा पडतो, आणि क्षणभर आपलं वजन नाहीसं होतं. कोस्टरच्या भाषेत याला एअरटाइम म्हणतात, आणि शौकिनांच्या लेखी खरा माल हाच.

वजन मोजायला ते 'जी' हे माप वापरतात. खुर्चीत स्वस्थ बसलेल्या माणसावर एक जी. दरीच्या तळाशी गाडी वर वळते तेव्हा तीन-चार जी, म्हणजे साठ किलोच्या माणसाला आपण दोनशे किलोच्या घरात गेल्यासारखं वाटतं. टेकडीच्या माथ्यावर शून्य. तिरका फेकलेला दगड हवेत ज्या वाटेने जातो, नेमक्या त्या आकाराची टेकडी बांधली तर गाडी आणि माणूस दोघंही दगडासारखे पडत असतात. माणूस तरंगतो. याला फ्लोटर म्हणतात. टेकडी त्याहून टोकदार केली, तर माणूस दगडाच्या वाटेने वरच निघालेला असतो आणि गाडी त्याला खाली खेचते. वजन शून्याच्याही खाली, उणे एक जीपर्यंत जातं, आणि मांडीवरचा दांडा काय तो तुम्हाला धरून ठेवतो. हा इजेक्टर. फ्लोटर बरा की इजेक्टर, यावरून मैत्र्या तुटायची वेळ येते.

मागच्या बाकाचं महत्त्व कोस्टरमध्येही आहे, फक्त कारण वेगळं. एसटीत शेवटचा बाक मागच्या चाकांच्याही पलीकडे असतो, म्हणून तिथे उसळी जास्त. कोस्टरमध्ये शेवटचा डबा माथ्यावर पोचतो तोवर अर्धी गाडी पलीकडे उतरायला लागलेली असते. ती मागच्यांना ओढते, त्यामुळे तोच माथा ते जास्त वेगाने ओलांडतात. पहिल्या डब्यात नेमकं उलटं, तुम्ही माथ्यावर लोंबकळत उरलेल्या गाडीची वाट बघता. एकाच गाडीत दोन वेगळे अनुभव असल्यामुळे 'कोस्टर कसा होता?' या प्रश्नावर शौकीन आधी 'कुठे बसला होतास?' असं विचारतो.

या सगळ्यात उंची कुठे आली? पेनसिल्व्हेनियातल्या कनोबल्स नावाच्या पार्कात 'फिनिक्स' हा लाकडी कोस्टर आहे. जेमतेम २४ मीटर उंच, वेग ताशी ७२ किलोमीटर. म्हणजे आपल्या आठ मजली इमारतीएवढा. १९४७ साली तो टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत बांधला गेला. तिथलं पार्क बंद पडल्यावर फळीफळीने सुटा करून इकडे आणला आणि १९८५ मध्ये पुन्हा उभा केला. सोफ्यासारखा बाक, त्यावर दोघांत मिळून एकच दांडा, आणि शेवटी ओळीने टेकड्या, ज्यांच्यावर माणसं अक्षरशः उभी राहतात. या धंद्यातलं 'अम्यूझमेंट टुडे' हे पत्र दरवर्षी गोल्डन तिकीट पुरस्कार देतं. २०१८ आणि २०१९ साली सर्वोत्तम लाकडी कोस्टर ठरला तो हाच. १३९ मीटरचा डोंगर सुरुंगाने पडतो आणि सत्तरी ओलांडलेला हा ठेंगू पहिला नंबर मारतो, यात शौकिनांना काहीच नवल वाटत नाही.

लूप गोल का नसतो?

चित्रात आपण लूप, म्हणजे गाडीला उलटं करून आणणारा वेढा, गोल काढतो. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला 'फ्लिप फ्लॅप' कोस्टरने तो खरोखर गोल बांधला आणि बसणाऱ्यांच्या माना धरल्या.

कारण साध्या गणितात आहे. गाडी माथ्यावर कशीबशी पडणार नाही इतक्या वेगाने गेली, म्हणजे तिथे वजन शून्य धरलं, तरी पूर्ण गोल लूपमध्ये तळाशी सहा जी बसतात. शिवाय सपाट रुळावरून गोलात शिरताना ते हळूहळू वाढत नाहीत, एका झटक्यात आदळतात. लूप मोठा करून उपयोग नाही, कारण हा सहाचा आकडा लूपच्या आकारावर अवलंबूनच नाही.

उपाय असा की तळाशी वळण सैल ठेवायचं आणि वर जाताना ते आवळत न्यायचं. तळाशी वेग जास्त म्हणून वळण मोठं, माथ्यावर वेग कमी म्हणून वळण छोटं. आकार औंध्या थेंबासारखा दिसतो. या वळणाचं नाव क्लोथॉइड. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कात अँटोन श्वार्झकोफ यांनी बांधलेल्या आणि वेर्नर श्टेंगल यांनी गणित केलेल्या 'रेव्होल्यूशन'मध्ये असा लूप आला, आणि तिथून पुढे माणसं बिनघोर उलटी व्हायला लागली. खोपोलीच्या इमॅजिकामधल्या 'नायट्रो'च्या लूपकडे बाजूने नीट बघा, तो गोल नाही हे लगेच दिसेल.

कागदावरचं गणित कधी कधी हुकतंही. सीडर पॉइंटच्या 'मॅव्हरिक'मध्ये २००७ साली एका बोगद्यानंतर गाडी स्वतःभोवती पीळ घेणार होती. चाचण्यांत जोर फार बसतोय असं दिसल्यावर तो पीळ काढून तिथे साधा रूळ टाकला, आणि त्यासाठी उद्घाटन पुढे ढकललं.

किंग्डा का नेमका कुठे अडला?

त्याला साखळीचा चढ नव्हता. हायड्रॉलिक लाँच होता. टाक्यांमध्ये नायट्रोजन वायू दाबून ठेवायचा, त्याच्या जोरावर तेल मोटरींमध्ये सोडायचं, मोटरींनी एक अजस्र रीळ फिरवायचं आणि रिळावरच्या तारेने गाडी खेचायची. साडेतीन सेकंदांत शून्यावरून ताशी २०६ किलोमीटर. मग सरळ वर, माथ्यावरून पलीकडे, सरळ खाली, एक छोटी टेकडी, ब्रेक. सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा.

ताशी २०६ किलोमीटरने सुटलेली गाडी निर्वात जगात १६७ मीटरपर्यंत चढली असती. इथे माथा १३९ वर. मधला फरक वारा, घर्षण आणि थंडीने आखडलेली चाकं यांच्यासाठी राखून ठेवलेला. एखाद्या दिवशी तेवढा पुरायचा नाही. गाडी माथ्याजवळ जाऊन थबकायची आणि आली तशी मागे घसरायची. याला रोलबॅक म्हणतात. खाली चुंबकीय ब्रेक तिला धरायचे, धोका काही नसायचा. उलट रोलबॅक मिळाला तर शौकिनांना लॉटरी लागल्यासारखं व्हायचं. पार्कवाल्यांना मात्र ती डोकेदुखी, कारण तार, रीळ, पंप हे सगळं रोजच्या झटक्यांनी झिजत होतं. यंत्र सारखं बंद पडायचं.

बरं, एवढा खटाटोप करून हाती काय यायचं? एक धक्का, एक माथा आणि एक छोटी टेकडी. 'बरं झालं गेला' म्हणणाऱ्यांचा मुद्दा हाच होता. हळहळणाऱ्यांचा मुद्दाही खोटा नाही. त्या साडेतीन सेकंदांसारखं अमेरिकेत दुसरं फारसं काही नव्हतं, आणि पार्किंगमध्ये उतरल्या उतरल्या झाडांवरून तो सुळका दिसला की पोरांच्या पोटात तिथूनच गोळा यायचा. हेही डिझाइनच. मी स्वतः 'बरं झालं'वाल्यांच्या तटात बसतो, पण सुळक्याचा मुद्दा मला खोडता येत नाही.

त्याचा थोरला भाऊ, सीडर पॉइंटचा 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर' (२००३), याच यंत्रावर चालायचा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या गाडीचा एक धातूचा तुकडा सुटून रांगेतल्या एका बाईला लागला, ती गंभीर जखमी झाली आणि कोस्टर बंद झाला. पुढे हायड्रॉलिक यंत्रणा काढून रुळालगत विद्युतचुंबक बसवले. आता गाडी पुढे, मग मागच्या सुळक्यावर, मग पुन्हा पुढे अशी तीन हप्त्यांत वेग घेते. २०२४ च्या मे महिन्यात तो नव्या नावाने उघडला, काही दिवसांतच गाड्यांच्या तक्रारीपायी बंद पडला आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला.

पार्कवाल्याची पाटी-पेन्सिल

समजा गाडीत २४ जागा आहेत. दर दीड मिनिटाला एक गाडी सुटली तर तासाला ४० गाड्या, ९६० माणसं. तीच गाडी दर दोन मिनिटांना सुटली तर ७२० माणसं. अर्ध्या मिनिटाच्या ढिलाईने तासाला २४० माणसं रांगेतच राहिली, दहा तासांत चोवीसशे. हे अर्धं मिनिट कुठे जातं? कुणाची चप्पल, कुणाचा गॉगल, कुणाचा खिशातला मोबाइल, कुणाचा न लागणारा पट्टा. सीडर पॉइंटच्या एका कोस्टरवर रांगेत शिरतानाच मोबाइल बाहेर ठेवायला लावण्याचा नियम झाला होता, तो मात्र मुख्यतः सुरक्षेसाठी. सुसाट गाडीतून उडालेला मोबाइल हा दगडच असतो.

म्हणून नवा कोस्टर जाहीर झाला की शौकीन रुळाच्या आराखड्याआधी विचारतात, गाड्या किती? एक गाडी वर धावते तेव्हा दुसरीत माणसं भरता आली पाहिजेत. दांडे तपासणारा कर्मचारी दांडा मांडीत रुतेपर्यंत दाबतो, त्याचीही तक्रार असते, कारण मग एअरटाइम संपला! कर्मचाऱ्याची बाजू अशी की सैल दांड्यापायी गाडी अडवली तर बोलणी त्यालाच खावी लागतात.

पण हे सुरक्षित असतं का हो?

बहुतांश वेळा, हो. आणि त्याची कारणं दिसायला अगदी साधी आहेत. गाडीला रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तीन जागी चाकं असतात. खालची चाकं जॉन मिलर यांनी शंभरेक वर्षांपूर्वी आणली, त्यामुळे गाडी रुळावरून उडूच शकत नाही. रुळाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी, हे रेल्वेच्या सिग्नलचंच तत्त्व. चुंबकीय ब्रेकला तर वीजही लागत नाही. कायमचुंबकांमधून तांब्याच्या मिश्रधातूची पट्टी वेगाने गेली की तिच्यातच विरोधी प्रवाह तयार होतो आणि गाडी मंदावते.

तरी चुका होतात. २०२३ च्या ३० जूनला अमेरिकेतल्या कॅरोविंड्स पार्कात 'फ्युरी ३२५' या कोस्टरच्या खांबाला पडलेली आरपार भेग एका पाहुण्याने मोबाइलवर टिपली. गाडी गेली की खांबाचे दोन तुकडे एकमेकांपासून हललेले दिसतात. कोस्टर बंद केला, खांब बदलला, ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू केला. एक खांब तुटूनही डोलारा उभा राहिला ही इंजिनिअरांची शाबासकी. पण रोजच्या तपासणीआधी ती एका गिऱ्हाइकाला दिसावी, हे काही बरं लक्षण नव्हे.

जपानमध्ये फुजीजवळच्या पार्कातला 'दो-दोदोन्पा' १.५६ सेकंदांत ताशी १८० किलोमीटर गाठायचा. म्हणजे सरासरी तीन जीहून जास्त, पाठीत. २०२१ मध्ये बसणाऱ्यांची हाडं मोडल्याच्या तक्रारी आल्यावर तो थांबवला आणि २०२४ मध्ये कायमचा बंद केल्याचं जाहीर झालं. विक्रमाचा हट्ट कुठवर न्यायचा याचं उत्तर शेवटी माणसाच्या मणक्याने दिलं.

जुन्याचं काय करायचं?

यावर गेल्या पंधरा वर्षांत एक तोडगा निघाला आहे. लाकडी कोस्टर पाऊस-उन्हाने सैल होतो, दणके द्यायला लागतो, आणि लोक त्याच्याकडे पाठ फिरवतात. आयडाहोची रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन ही कंपनी लाकडी सांगाडा बराचसा तसाच ठेवते आणि वर पोलादी रूळ टाकते. सीडर पॉइंटच्या १९९१ सालच्या 'मीन स्ट्रीक'वर लोक ठणकत उतरायचे. त्याच सांगाड्यावर २०१८ मध्ये 'स्टील व्हेंजन्स' आला, आणि अनेकांच्या यादीत तो आज जगातल्या पहिल्या काहींत असतो. उंची ६२ मीटर, किंग्डा काच्या निम्मीसुद्धा नाही.

जुन्या मंडळींना हे पटत नाही. लाकडाची थरथर, कुरकुर, रात्री अंधारात वाढलेला वाटणारा वेग, हे पोलादात येत नाही असं ते म्हणतात. खरंही आहे. पण ज्याची डागडुजी पार्काला परवडेना, तो लाकडी राहिला असता की जळणात गेला असता, हा प्रश्न त्यांना कुणी तरी विचारायला हवा.

मग सौदीत १९५ मीटर कशाला?

पोस्टरसाठी. नव्या शहराचं नाव एका दिवसात जगभर करायचं तर 'आमच्या टेकड्यांचा एअरटाइम फार छान आहे' असं म्हणून भागत नाही. तिथे विक्रमच लागतो. शिवाय फाल्कन्स फ्लाइट एका धक्क्यावर थांबत नाही, कड्यावरून खाली येतो, विद्युतचुंबकांवर पुन्हा वेग घेतो आणि लांबवर धावतो. शौकीनही त्यामुळे त्याला सरसकट नावं ठेवत नाहीत.

अमेरिकेतली पार्कं वर्षाचा पास विकतात. तीच माणसं उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा येतात, म्हणून दर दोन-चार वर्षांनी त्यांना काही तरी नवं दाखवावं लागतं आणि जुन्यावर हातोडा पडतो. आपल्याकडे बहुतेक कुटुंबं वर्षा-दोन वर्षांतून एकदा जातात, तीही शाळेच्या सहलीत किंवा पाहुणे आले की. त्यांच्यासाठी २०१३ चा नायट्रो अजून नवाच आहे. पाच वेळा उलटा करतो, पायाखाली फरशी नाही, आणि बनवणारी कंपनीही तीच स्विस बोलिगर अँड मॅबियार, जिने फ्युरी ३२५ बांधला. गर्दी नसलेल्या दिवशी गेलात तर एकदा पहिल्या रांगेत बसा, एकदा शेवटच्या. कुठली बरी यावर घरात भांडण झालं, की समजा तुम्हीही त्यांच्यातलेच झालात.